जर्मन चाक

महिपती फिटरने घडवलेलं दातेरी चाक जर्मन यंत्रात बसलं, सकाळी आठला बटण दाबलं गेलं आणि बामच्या बाटल्यांवर टकाटक झाकणं बसू लागली. विष्णुपंत समोर स्टूल टाकून बसले. तीनच्या भोंग्यापर्यंत यंत्र चाललं, तर महिपतीचं चाक पास. मोडलं, तर दरवर्षीप्रमाणे एक अधिकारी नवं चाक आणायला जर्मनीला. यंदाचे अधिकारी विष्णुपंत. अकरा वर्षांनी पाळी आली होती.

ही बातमी त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी निम्म्या अंबरनाथ पश्चिमेला सांगितली होती. उरलेल्या निम्म्याला त्या निम्म्याने. उल्हासनगरच्या शिंप्याने अस्तर लावलेला गरम कोट आज सकाळीच कारखान्यात आणून दिला होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो खुंटीवर बसून वाट बघत होता.

दहा वाजता यंत्र खाकरलं. विष्णुपंत आशेने उठले. महिपतीने दोन थेंब तेल सोडलं. विष्णुपंत बसले.

जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर हेमचंद्र येऊन गेले. ते स्वतः दोनदा जर्मनी पाहून आलेले, त्यामुळे स्वावलंबनावर फार पोटतिडकीने बोलले. जाताना एक कागद ठेवून गेले : परदेशी चाक बंद केल्याचे फायदे आणि तोटे लिहा. फायद्यांचा रकाना विष्णुपंतांनी पाच मिनिटांत भरला. तोट्यांपाशी पेन अडलं.

"महिपती, हे चाक करायचं तुझ्या डोक्यात आलं तरी कसं?"

महिपती लाजला. "सायेब, तुमाला थंडीचा खोकला. येवढ्या लांब बर्फात जायाचं म्हंजे हाल. म्हनलं, बघू हितंच जमतंय का. चार रविवार गेले."

इतक्या मायेने विष्णुपंतांचा घात आजवर कुणी केला नव्हता.

तीनला भोंगा झाला. यंत्र आपलं टकाटक चालूच. सगळ्या खात्याने टाळ्या पिटल्या. त्यात सगळ्यांत जोरात आपणच पिटतोय, हे विष्णुपंतांच्या जरा उशिरा लक्षात आलं. तोट्यांच्या रकान्यात त्यांनी 'एक गरम कोट' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

हेड ऑफिसला पाठवायच्या फोटोसाठी फोटोवाला आला. महिपतीचा शर्ट तेलाने माखलेला. विष्णुपंतांनी खुंटीवरचा कोट आणला, त्याच्या अंगात चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.

"सायेब, लई उकडतंय."

"जर्मनीत नसतं उकडलं," त्याची कॉलर नीट करत विष्णुपंत म्हणाले. "तूच जाऊ दिलं नाहीस. आता हस."