लिनमावशींची पाहुणी

"चौथा मजलाच नाही?" ऋतुजाचे हात कीबोर्डवर थांबले.

"नाही. लिफ्टमध्ये तीननंतर थेट पाच. त्यांच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. मी राहायचो तो मजला पाचवा. म्हणजे मोजायला गेलं तर चौथाच."

काशिनाथ सांगत होते आणि त्यांची मुलगी टाइप करत होती. भोपाळच्या मराठी मंडळाला वार्षिक अंकासाठी लेख हवा होता, 'चिनी माणसांचं रोजचं जगणं'. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काशिनाथ एका खाजगी कंपनीतर्फे तीन वर्षं तिकडे होते. इंद्रपुरीतल्या त्यांच्या घरात मंडळाची माणसं दोनदा येऊन गेली, तेव्हा कुठे ते तयार झाले. एरवी चीनचा विषय ते टाळायचे. ऋतुजाची आई शकुंतला गेली तेव्हा ते तिकडेच अडकले होते. विमानं बंद होती. फोनवरून तरी शेवटचं बघा, असं ऋतुजाने रडत विनवलं होतं. त्यांनी फोन ठेवून दिला होता. सगळं तिने एकटीने केलं. त्यानंतर सव्वा वर्षाने ते परतले. त्या फोनबद्दल दोघंही आजवर एक अक्षर बोलले नव्हते.

"पुढे घे," ते म्हणाले. "बारा महिने गरम पाणी पितात. उन्हाळ्यातसुद्धा. पाहुणा आला की घेणार का म्हणून विचारत नाहीत, कप समोर ठेवतात. भेटल्यावर बरा आहेस का म्हणत नाहीत, जेवलास का म्हणतात. आणि अनोळखी बाईला मावशी म्हणतात, अगदी आपल्यासारखं. माझ्या घरमालकीण लिनमावशी..." ते थांबले. "त्यांचं नाव छापायचं तर त्यांना विचारायला हवं."

जुन्या डायरीत नंबर सापडला. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे तिकडे साडेसहा, जेवणाची वेळ. व्हिडिओ कॉल दुसऱ्या खेपेला लागला. पडद्यावर पिकल्या केसांची, बारीक डोळ्यांची एक म्हातारी आली. चार वर्षांनी फोन आला याचं तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही.

"काय म्हणतायत?" ऋतुजाने विचारलं.

"जेवलास का म्हणतायत." काशिनाथ हसले. बाजारापुरती चिनी भाषा त्यांना येत होती. म्हातारी सावकाश बोलत होती आणि ते एकेक वाक्य मराठीत सांगत होते. "म्हणतात, बरं झालं फोन केलास. तुझा नंबर नव्हता. तुझ्या पाहुणीला काय सांगू ते आता तूच सांग."

"कोण पाहुणी?"

त्यांनी तेच विचारलं. म्हातारी बराच वेळ बोलली.

"मी निघालो, त्यानंतर पंधरा दिवसांनी एक बाई आली म्हणे. पाय सुजलेले होते. लांबून चालत आल्यासारखे. माझ्या खोलीत जाऊन बघितलं आणि मग स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथेच असते. यांची भाषा तिला कळत नाही. या गरम पाणी देतात. ती घेत नाही."

म्हातारीने पुन्हा काहीतरी सांगितलं. स्वतःच्या खांद्यावरून हात खाली नेत तिने पदरासारखी खूण केली. या वेळी काशिनाथांनी मराठीत काहीच सांगितलं नाही. त्यांनी ऋतुजाकडे बघितलं.

"तिला शेवटी कोणती साडी नेसवली होतीस?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"जांभळी," ती म्हणाली. "बारीक पिवळ्या काठांची. मीच कपाटातून काढली होती. का?"

त्यांनी फोन तिच्या हातात दिला. पडद्यावर आता स्वयंपाकघर होतं, म्हातारीने फोन तिकडे वळवला होता. टेबलाजवळ भिंतीला लागून एक लाकडी खुर्ची होती, आणि तिच्यासमोर कप. कपातून वाफ निघत होती. खुर्चीत कोणी नव्हतं. निदान ऋतुजाला कोणी दिसलं नाही. तरीही तिची नजर तिथून हलेना. आई बसायची तशी ती खुर्ची भिंतीकडे थोडी वळवलेली होती.

म्हातारी काहीतरी विचारत होती.

"विचारतायत, तू घरी गेलास हे तिला कसं सांगू?" काशिनाथांनी सांगितलं. "माझी वाट बघतेय ती, ऋतू. मी इथे, आणि ती तिथे."

ऋतुजाला बोलायचं होतं ते वेगळंच. तुम्ही तेव्हा बघायला हवं होतं, हे ती इतकी वर्षं घोळवत आली होती. तिने फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मराठीत."

काशिनाथांनी चिनीत दोन शब्द सांगितल्यावर म्हातारीने तिकडे फोन खुर्चीसमोर धरला. वाफेने पडदा धुरकट झाला.

"शकुंतला," काशिनाथ म्हणाले. मग ते रोजच्या आवाजात बोलले, कामावरून आल्यावर बोलायचे तसे. "मी घरी आलोय. तेव्हा यायला जमलं नाही. बघायचा धीरही झाला नाही. चुकलं माझं. तू ये आता. ऋतूसुद्धा आहे इथे."

पलीकडे फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आला. मग म्हातारी दोनच वाक्यं बोलली, अगदी हळू.

"काय म्हणाल्या?" ऋतुजाने विचारलं.

"उठली म्हणतात." काशिनाथांनी डोळे पुसले नाहीत. "दाराशी चपला शोधतेय, म्हणून त्या स्वतःच्या देतायत."