दारावरची ओळ

टायर कंपनीच्या मॅडम न कळवता थेट वर्कशॉपमध्ये आल्या, तेव्हा धाकटा भाऊ ट्रकच्या बॉनेटवर पिवळा पट्टा ओढत होता. थोरल्याच्या हातातला पाना निसटून त्याच्याच पायावर पडला. त्याला कळही जाणवली नाही.

"वा!" मॅडम ट्रकभोवती फिरल्या. त्यांच्यामागे एक फोटोग्राफर. "फोटोत पाहिलेला सांगाडा तो हाच? ओळखू येत नाही हो."

ओळखू येण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. भंगारातून उचललेल्या ट्रकचं नाक दोघा भावांनी लांबवलं होतं, केबिनमागे झोपायची खोली बसवली होती, सायलेन्सर छताच्या वर काढले होते. खाली कंपनीने दिलेले टायर काळेशार चमकत होते. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात हा ट्रक कंपनीच्या नावाने उभा राहणार होता. रंग, वाहतूक, जागेचं भाडं, सगळं कंपनीकडे.

"हे आमचे पेंटर," थोरला घाईघाईने म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

धाकट्याचा ब्रश थांबला. दादाच्या तोंडून अहोजाहो त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही त्यांना ओळखत असाल," मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "यांच्या भावाला. जे गेले."

थोरला वाकून पाना शोधू लागला. पाना त्याच्या पायाशीच पडला होता.

धाकट्याने दादाच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग ब्रश चिंधीला पुसला. सावकाश पुसला.

"ओळखत होतो की. अगदी लहानपणापासून."

"कसे होते?"

"कामाला बरा होता. डोक्याने तापट. मोठ्या भावाशी कडाकडा भांडायचा. पण बाहेरच्यासमोर त्याला कधी तोंडघशी पाडलं नाही त्याने."

मॅडमनी मान हलवली. "मीटिंगला कितीतरी जण आले होते. सगळे इंजिनाबद्दल बोलत होते. हे तेवढे म्हणाले, हे आम्हा दोघा भावांचं स्वप्न, भाऊ गेला, आता मी एकटाच पुरं करतोय. आमच्या साहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला." मग त्या केबिनच्या दाराकडे वळल्या. "इथे एक ओळ हवी. 'धाकट्या भावाच्या स्मरणार्थ.' खाली कंपनीचं नाव. तुम्हीच लिहा, हात छान आहे तुमचा."

"मॅडम," थोरला एकदम म्हणाला.

"बोला ना."

त्याचे कान लाल झाले होते.

"चहा सांगू का?"

चहा नको होता. फोटो हवा होता. फोटोग्राफरने थोरल्याला दाराशी उभं केलं आणि म्हणाला, "जरा आठवण काढा त्यांची." धाकटा समोर रंगाचा डबा घेऊन उभा होता. थोरल्याचे डोळे खरोखरच भरून आले. फोटो फार चांगला आला, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली. धाकटा डब्यातला रंग ढवळत राहिला. थोरल्याला वाटलं, शिव्या घाल, डबा फेकून मार, पण बोल.

"मी तसं म्हटलं नव्हतं रे," शेवटी तोच म्हणाला. "गेला, एवढंच म्हटलं. तू तेव्हा भांडून गेलाच होतास की. त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. डोळे पुसले. मग कसं सांगू?"

"मी परत आलो, तेव्हा सांगायचं होतंस."

"तोवर टायर आले होते."

"आणि आई? तिला प्रदर्शनाला नेणार आहेस ना? सगळ्या आळीला सांगत सुटलीय. ती हे दार वाचेल तेव्हा काय सांगशील?"

थोरल्याने कपाळावरचा घाम बाहीने टिपला. "उद्या फोन करतो. खरं काय ते सांगून टाकतो. घेऊन जा म्हणतो तुमचे टायर."

"आत्ता कर."

थोरल्याने खिशातून फोन काढला. मॅडमचा नंबर समोर आणला. अंगठा नंबरावर अधांतरी धरून त्याने ट्रककडे पाहिलं. दुपारच्या उन्हात बॉनेटवरचा ओला पट्टा लखलखत होता. असा ट्रक आपल्या हातून घडेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो पाहतच राहिला. फोनचा पडदा आपोआप काळा झाला. त्याने फोन परत खिशात घातला आणि मग कितीतरी वेळ त्याला मान वर करता येईना.

धाकट्याने पांढरा रंग कालवला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून दाराशी आणलं, वर चढला, खडूने दोन रेघा आखल्या.

"तारीख टाकायची का खाली?" त्याने मागे न पाहता विचारलं. "कधी गेलो मी, दादा?"

थोरल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"बरं, नुसतीच ओळ काढतो."

तो लिहू लागला. वाईट अक्षर काढणं त्याला जमलंच नसतं. एकेक अक्षर गोल, भरीव, ओळीत बसलेलं. 'स्मरणार्थ'चा रफार द्यायला त्याने टाचा उंचावल्या, तसं स्टूल डगमगलं. थोरला धावला आणि धाकटा पडू नये म्हणून दोन्ही हातांनी ते घट्ट धरून उभा राहिला.