एक लाख बारा हजार किलोमीटर

एक लाख बारा हजार चारशे. ऋतुराजनं मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि आकडा पुन्हा वाचला. तो तेवढाच होता.

गाडीबाहेर प्रेमलाबाई पुराणिक छत्री टेकून उभ्या होत्या. बनारसच्या दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत सायकलसुद्धा अंग चोरून जाते, त्यामुळे गाडी पहिल्यापासून मैदागिनच्या या अहात्यात, भिंती घातलेल्या आवारात, उभी असायची. चावी घेऊन बाई चालत आल्या होत्या. त्यांचे यजमान तीन महिन्यांपूर्वी गेले. नरहर पुराणिक, पाठशाळेतले संस्कृतचे गुरुजी. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवी गाडी घेतली आणि नऊ वर्षं स्वतः चालवली. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागला नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं, म्हणूनच ऋतुराजला ते खटकलं.

ऋतुराज मूळचा अकोल्याचा, रेल्वेत कारकून, बदलीनं बनारसला आलेला. त्याची बायको रुची चंदौलीच्या पुढे एका शाळेत शिकवायची. तिला सहावा महिना लागला होता, आणि अजून रोज ती दहा माणसांच्या जीपमध्ये चौदावी होऊन जात होती. गाडी हवीच होती, आणि हिच्याहून महाग गाडी परवडणार नव्हती. गेल्याच आठवड्यात एका दलालानं त्याला मीटरवर चाळीसच हजार किलोमीटर दाखवले होते. पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेलं. तेव्हापासून त्याला सगळीकडे लबाडीच दिसायची.

गुरुजी जायचे तरी कुठे, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, बाजारहाट पायीच व्हायचा. गाडी निघायची ती फक्त इतवारी. रामनगरला एका मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचे. सकाळी निघाले की दिवेलागणीला परत.

रामनगर म्हणजे पूल ओलांडला की आलंच. ऋतुराजनं मनातल्या मनात हिशेब केला. नऊ वर्षांचे सगळे रविवार धरले तरी पंधरा हजार किलोमीटर भरत नव्हते. मग उरलेले लाखभर कुणी चालवले? ड्रायव्हरची सीट बसून बसून खोलगट झाली होती. शेजारची सीट मात्र आजच दुकानातून आणल्यासारखी.

त्यानं समोरचा कप्पा उघडला. आत रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा होता. ऑइल बदललं, टायर बदलले, क्लच बदलला. सगळ्या पावत्या एकाच गॅरेजच्या, आणि ते गॅरेज सासारामचं. बनारसची एकही पावती नव्हती.

सासाराम बिहारमध्ये, आणि बिहारात दारूबंदी. इकडून तिकडे बाटल्या नेणाऱ्या गाड्यांच्या बातम्या तो रोज वाचायचा. उद्या कुठल्या तरी नाक्यावर हाच नंबर कुणी ओळखला, तर गाडीत रुची असेल. म्हाताऱ्या गुरुजींच्या गाडीवर कोण संशय घेणार? धंद्याला याहून चांगली आडोशाची जागा नाही. आणि ही बाई एवढ्या कमी किमतीत गाडी काढायला निघाली होती, ती का?

"काकू, खरं सांगा," तो म्हणाला. "ही गाडी बिहारात काय नेत होती?"

बाई घाबरतील किंवा चिडतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि एकेक पावती उलटत तारखा वाचल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. मला तर रामनगरच सांगायचे, एवढंच त्या म्हणाल्या.

पावतीवर फोन नंबर होता. ऋतुराजनं तो लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. गाडीचा नंबर ऐकताच पलीकडच्या मिस्त्रीनं आधी गुरुजींची तब्येत विचारली. तीन महिने आले नाहीत, फोनही बंद, असं का, म्हणाला. गाडी त्याच्याच दारात लावून गुरुजी समोरच्या घरी जायचे. जेवून, दोन तास थांबून परत निघायचे. ऊन असो, धुकं असो, रविवार चुकला नाही.

"बिटिया तो हर इतवार पूछने आती है," मिस्त्री म्हणाला.

म्हणजे गुरुजींचं तिकडे दुसरं घर होतं, ऋतुराजला वाटलं. दारू नव्हती. हे दारूहून वाईट होतं, आणि ते आपण या बाईंना भर अहात्यात ऐकवलं. तो फोन बंद करणार, तेवढ्यात बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"तिचं नाव विचार."

त्यानं विचारलं. मैत्रेयी, पलीकडून उत्तर आलं.

बाईंनी चाचपडत दार उघडलं आणि शेजारच्या कोऱ्या सीटवर बसल्या. मग खालच्या आवाजात बोलू लागल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, मैत्रेयीनं, परजातीत लग्न केलं. त्या दिवशी त्यांनी बजावलं होतं, तिचं नाव या घरात निघालं तर मी अन्न सोडीन. गुरुजींनी नाव काढलं नाही. त्याच महिन्यात गाडी घेतली.

"गुरुजी गेल्याचं तिला..." ऋतुराजनं वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

बाईंनी मान हलवली. नाही.

फोनवर मिस्त्री हॅलो हॅलो करत होता. बाईंनी ऋतुराजला विचारलं, सासारामपर्यंत त्याला गाडी नेता येईल का. येईल, तो म्हणाला. मग त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, पदरानं तोंड पुसलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"उससे कहिए, इस इतवार को आई आएगी."