डब्याचं डोकं

सासऱ्यांनी गाडीच्या किल्ल्या जावयाच्या ताटाशेजारी ठेवल्या.

“घ्या जावईबापू. आजपासून गाडी तुम्हीच सांभाळा. माझं डोकं गेलं.”

जावयाचा घास हातातच राहिला. या किल्ल्यांना हात लावायची त्याला आजवर परवानगी नव्हती. गाडी पुसायची तेवढी होती.

डोकं गेल्याचा पुरावा सासऱ्यांच्या खोलीत होता. जुना, छोटासा, पडदा आणि पोट एकाच खोक्यात असलेला कॉम्प्युटर. एकेकाळी पांढरा होता, आता दातांसारखा पिवळा पडला होता. सासरे त्याला ‘डबा’ म्हणत. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी डब्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळे, जिंके, आणि मग दिवसभर घरातल्यांना अक्कल शिकवे. गेल्या आठवड्यापासून मात्र डबा त्यांना रोज हरवत होता. नुसता हरवत नव्हता, धू धू धूत होता.

याचं कारण घरात एकालाच माहीत होतं, आणि तो खाली मान घालून जेवत होता.

जावयाला एक खोड होती. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात नवी आतडी बसवायची. लोकांनी भंगारात टाकलेले डबे तो उचलून आणी, खरखरणाऱ्या डिस्क काढून टाके, मेमरी कोंबे, पुन्हा झाकण लावे आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही म्हणून स्वतःवरच खूश होई. सासऱ्यांच्या डब्याला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. त्यामुळे हात शिवशिवत होतेच. सासरे बाहेरगावी गेले तशी त्याने लांब दांडीच्या स्क्रूड्रायव्हरने डबा उघडला आणि आत वेग वाढवणारं एक कार्ड बसवलं. सासऱ्यांना फरक जाणवेल, ते विचारतील, मग आपण जरा लाजत सांगू, असा बेत होता. फरक जाणवला. डबा चटकन सुरू व्हायला लागला. त्याचं श्रेय सासऱ्यांनी स्वतः पुसलेल्या धुळीला दिलं.

पुढचं मात्र त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. डबा प्रत्येक खेळीला अर्धं मिनिट विचार करायचा. आताही अर्धंच मिनिट करत होता. पण पूर्वी तेवढ्या वेळात त्याला जेमतेम पुढची चाल दिसायची, आता अख्खा डाव दिसायला लागला. बाहेरून तोच डबा, तोच पडदा, तेच अर्धं मिनिट. मग बदललं कोण? सासऱ्यांचं गणित चोख होतं. बदललो आपणच.

खरं सांगायचं तर जावई एक दिवस गप्प बसला. गाडी काढून, काच खाली करून, काही काम नसताना चौकापर्यंत चक्कर मारून आला. परतला तर सासरे स्वयंपाकघरात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मीठ. साखर. सोडा.

“पुढे लागतील,” ते शांतपणे म्हणाले.

दाराशी त्यांच्या चपलांवरही चिठ्ठी होती. ‘माझ्या.’ ती जावयाने दोनदा वाचली. त्याने बायकोला गाठून सगळं ओकून टाकलं.

“म्हणजे बाबांचं डोकं जागेवर आहे?”

“ठणठणीत.”

“मग तुझंच तपासायला हवं. जा, सांग त्यांना.”

“ते मला घराबाहेर काढतील.”

“काढू देत. जाताना किल्ल्या ठेवून जा.”

पण तिलाही वडिलांचा राग माहीत होता आणि नवराही, म्हटलं तर, हवा होता. शेवटी तह झाला. ती बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि तेवढ्यात त्याने डबा उघडून कार्ड काढलं. बसवताना शीळ घालत होता, काढताना कान दाराकडे होता. डबा पुन्हा पहिल्यासारखा मठ्ठ झाला.

सासरे परतले ते फणफणत.

“ठीक आहात म्हणतो! शंभरातून सात-सात वजा करायला लावले मला. त्याची स्वतःचीच वजाबाकी कच्ची, त्याला काय कळणार? डबा सांगेल ते खरं. शेवटचा डाव खेळतो. आज हरलो तर मला एका खुर्चीत बसवा आणि वेळेवर खायला द्या. मी काही विचारणार नाही.”

दार लागलं. नवराबायको बाहेर कान लावून उभे राहिले. आतून बराच वेळ कळ दाबल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला. प्रेमाने नाही, भीतीने.

सासरे बाहेर आले. चेहरा पडलेला होता. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

“काय झालं बाबा? हरलात?”

“जिंकलो,” ते कुजबुजले. “हळू बोल.”

त्यांनी जावयापुढे हात पसरला. जावयाने किल्ल्या दिल्या.

“माझं डोकं ठीक आहे. डोकं त्याचं गेलंय. वजीर फुकट दिला गं त्याने! आठवडाभर कसा वाघासारखा खेळत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. विझताना दिवा मोठा होतो.” त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “उद्यापासून अधूनमधून एखादा डाव मी मुद्दाम हरणार आहे. तुम्ही दोघं त्याच्यासमोर काही बोलू नका. या वयात मनाला फार लागतं.”