दमयंतीचं नाक

“आये, हुंग आनि सांग,” म्हणत शैलेशने स्कूटरची बॅटरी आईच्या पुढ्यात ठेवली. सातपाटीच्या महिला गटाच्या गोदामासमोर वीस-पंचवीस बाया जमल्या होत्या. सगळ्यांचे डोळे दमयंतीच्या नाकावर खिळले होते.

सुकी मासळी पालघरच्या गिऱ्हाइकांना घरपोच द्यायला गटाने विजेची स्कूटर घेतली होती. ती चालवायचा शैलेश. परवा त्याच्या हातून बॅटरी धक्क्यावर आपटली आणि घरंगळत थेट खाऱ्या पाण्यात गेली. त्याने ती बाहेर काढली आणि सातपाटीच्या माणसाला जे सुचावं तेच केलं. बांबूच्या मांडवावर, बोंबलांच्या शेजारी, दोन दिवस उन्हात वाळत घातली. बोंबील वाळले, बॅटरीही वाळली. बटण दाबल्यावर हिरवा दिवाही लागला. शैलेशची कॉलर ताठ झाली.

बोईसरचा मेकॅनिक मात्र फोनवरूनच नाडी बघणारा वैद्य निघाला. बॅटरी फुगली आहे का, तापते आहे का, नेलपॉलिशसारखा गोड वास येतो का, एवढं तपासा म्हणाला. यातलं एक जरी असलं तरी लांब ठेवा, नसलं तर चार्जिंगला लावून बघा. बॅटरी फुगली नव्हती. हाताला थंडगार होती. राहिला वास. पण त्या अंगणात अत्तराची बाटली फुटली असती तरी जिंकला बोंबीलच असता! तिथे एवढासा गोड वास हुडकणार कोण? दमयंतीच.

तिच्या नाकाची ख्यातीच तशी होती. गोणीचं तोंड उघडलं की कुठला माल पावसाळाभर टिकेल आणि कुठला महिन्यात कुबट होईल, हे ती एका श्वासात सांगायची. तिने मान हलवल्याशिवाय गटाचा माल बाहेर पडत नसे.

खरी गोष्ट एकट्या दमयंतीला ठाऊक होती. गेल्या वर्षीच्या तापात तिची वास घ्यायची ताकद गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून ती बोंबील बोटांनी मोडून बघायची, तुटल्याचा आवाज ऐकायची, रंग न्याहाळायची आणि मग देखाव्यापुरतं नाक खाली न्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बॅटरी काही मोडून बघता येत नव्हती.

चार्जिंगचा प्लग एकच, आणि तो गोदामात. आत आढ्यापर्यंत गोणी रचलेल्या. मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्याला ओढल्यावर सगळ्या बायांचा पावसाळा त्याच गोणींवर निघायचा.

दमयंती वाकली. काहीच नाही. पुन्हा वाकली. तरी काहीच नाही.

“एवढा वेळ कशाला गं लागतो?” लाडकी नावाची म्हातारी करवादली. दमयंतीच्या आधी गटाचा माल तीच पारखायची. “गोड हाय का नाय, सांगून टाक.”

‘नाय’ एवढंच म्हणायचं होतं. शैलेशने वायर हातात घेतलीच होती. खरं बोललं तर वर्षभराचं सोंग उघडं पडणार होतं, वर बॅटरी बाद ठरून मुलाची नाचक्की. दमयंती ताठ उभी राहिली.

“मला कसलाच वास येत नाय. गेल्या तापापासून नाय.”

गटाची सेक्रेटरी मेघाली पुढे आली. “म्हंजे काकी, वरीसभर आमचा माल तुमी...?”

“बोटांनी बगितला. नाकाचं नुसतं सोंग. आता ही बॅटरी चांगली का वाईट, मला कळत नाय. कळत नाय म्हनून ती आत जानार नाय.”

“आये, हिरवा दिवा हाय!” शैलेश ओरडला.

दमयंतीने पदर खोचला आणि गोदामाच्या दारात उभी राहिली. “मग आदी मला उचल.”

आईला कोण उचलणार? पाय आपटत त्याने बॅटरी होड्यांपासून लांब, रिकाम्या वाळूत नेऊन ठेवली. बाया कुजबुजत मांडवाकडे वळल्या. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलंही. दमयंती दारातच उभी राहिली. नाक गेलं होतं, आता पतही गेली, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

ऊन तिरपं व्हायच्या सुमाराला वाळूतून फुस्स आवाज आला. मग पांढरा धूर. आणि मग पुरुषभर उंचीचा जाळ! लांबून वाळू फेकली तर विझल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा भडकायचा. जवळ जायची कुणाची छाती झाली नाही. शैलेशने एकदा जाळाकडे पाहिलं, एकदा गोदामाकडे. गोणी जिथल्या तिथे होत्या.

मग जो कल्ला उठला तो पार बंदरापर्यंत ऐकू गेला. बायांनी दमयंतीला गराडा घातला. मेघालीने स्वतःच्या केसांतला गजरा काढून तिच्या अंबाड्यात खोवला. शैलेश तर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

गर्दीतून वाट काढत लाडकी आली. तिने ओंजळभर बोंबील दमयंतीच्या पुढे धरले.

“बग गं, हा माल टिकंल का?”

“मावशी, आता तरी ऐका. माजं नाक मेलंय.”

“नाक घरोघरी हाय गं,” लाडकी म्हणाली. “मला कळत नाय, असं चार बायांत सांगनारी तू एकटीच हायस. बग आनि सांग. तू सांगशील तेच खरं.”