तिसरी हाक

मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गोंगाटातही सुनंदाचा आवाज वेगळा ओळखू यायचा. त्या आवाजावर मासळी विकून तिने लेकीला जर्मनीत शिकायला धाडलं होतं, आणि तसं ती चारचौघींत ऐकवायचीही.

आज व्हिडिओ कॉलवर नीरजाचं तोंड उतरलेलं होतं. "करमत नाय गो आये. इथे चारलाच काळोख पडतो."

"मग दिवा लाव. एवढं शिकलीस, तेवढं जमत नाय?"

नीरजा हसली नाही. "रोज तिन्हीसांजेला दाराबाहेरून कोणीतरी हाक मारतं. अगदी घरातल्यासारखी."

"ओ दिलीस काय?"

"नाय. तूच शिकवलंस ना, भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारतो तो माणूस. तिसरी अजून आलीच नाय."

"शहाणी माझी."

तेवढ्यात फोनमधून हाक ऐकू आली. "नीरेऽ!" मग पुन्हा, "नीरेऽ!"

सुनंदाने फोन जवळ घेतला. तो आवाज तिचा स्वतःचा होता.

तिसरी हाक आली. नीरजाचा चेहरा उजळला.

ओ देऊ नको म्हणून ओरडायला सुनंदाने तोंड उघडलं. घशातून आवाजच निघाला नाही.

"ओ आये, आले," म्हणत लेक दाराकडे वळली.