मनीला सांगितलेली गोष्ट

१९७९ साली कणकवलीत इंग्रजी बालवाडी निघाली. वैदेहीचे नाव घालताना बाईंनी तिच्या आईला बजावले, "घरीही इंग्रजीच बोला. आजीची मालवणी कानावर पडली, तर पोरीची जीभ वळायची नाही."

आईला इंग्रजीचे सहाच शब्द येत, तरी तिने सासूला नातीशी बोलायला बंदी केली. द्वारकाआजीच्या पोटात गोष्टी मावेनात. चौथ्या दिवशी ती मांजरीला मांडीवर घेऊन पडवीत बसली.

"मने, तुका सांगतंय हां, दुसऱ्या कोणाक नाय! एका कोल्याक लागली भूक..."

दाराआडून वैदेहीने विचारले, "मगे काय झाला?"

आजीने मान वळवली नाही. "मने, तुका वाचा फुटली काय गो?"

सून चुलीपाशी सगळे ऐकत होती. सहा शब्दांत रागवावे कसे, हे तिला सुचेना.

आजी गेली, मनी गेली. सुनेचे इंग्रजी सहाच्या पुढे गेले नाही. वैदेही आता तीच बालवाडी चालवते आणि शनिवारी आज्यांना गोष्टी सांगायला बोलावते. बाईंची नातवंडे अमेरिकेत, त्यांना मराठी कळत नाही. परवा बाईंनी मांजर पाळले.